घंटीचं वजन

मापाडीकाका कोणतीही जादू आधी आठ दिवस स्वतःच्या घरी वापरून बघत आणि मगच आमच्या हातात देत. आता हे वाचून कुणाला वाटेल की माणूस मांत्रिकबिंत्रिक होता. तसलं काही नाही. काका एका कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेतून सहायक म्हणून रिटायर झालेले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला टेस्टर, आणि विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला लागून दोन खोल्यांचा फ्लॅट. त्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर दर रविवारी दुपारी आमचा खेळ चाले. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि पुढे काय घडणार ते फासे टाकून ठरतं, असा तो खेळ. गोष्टीत भुयारं, राक्षस, मंत्र आणि जादूच्या वस्तू. गोष्ट काका सांगत. जादूच्या वस्तूंना ते ‘माल’ म्हणत.

मी त्यांच्या कॉलेजात शिकत होते तेव्हाची गोष्ट. डबा खायच्या सुट्टीत मी, निखिल आणि आणखी दोघं प्रयोगशाळेच्या मागच्या बाकावर हा खेळ मांडून बसायचो. काका भिंगं पुसत उभे असायचे आणि आम्हाला वाटायचं, यांना काय कळतंय. एक दिवस निखिलनं त्याच्या वीराला अशी तलवार दिली की एका घावात काहीही कापलं जाईल. मागून शांत आवाज आला, “ही तलवार चालवणाऱ्याचं काय जातं?” निखिल म्हणाला, काहीच नाही, जादूची आहे. काका म्हणाले, “मग ती जादू नव्हे. खोटं माप झालं.” आणि भिंगं पुसायला लागले. पुढच्या आठवड्यात गोष्ट तेच सांगत होते.

त्यांचे वडील मार्केट यार्डात मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा आणि वजन मोठ्यानं सांगायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मापाडी शेतकऱ्याचाही नसतो आणि व्यापाऱ्याचाही नसतो, हे काका आम्हाला अशा सुरात सांगत की जणू घराण्यात कुणी न्यायाधीश होऊन गेला. म्हणून आम्ही त्यांनाच मापाडी म्हणायला लागलो. तोंडावर अर्थात काका.

त्यांची पद्धत ठरलेली होती. पोस्टकार्डाएवढा जाड कागद. वरच्या अर्ध्या भागात ती वस्तू काय देते ते लिहायचं, खालच्या अर्ध्या भागात काय घेते ते. काका कार्ड वाचत, डोळे मिटत, दोन्ही तळहात समोर धरत, आणि थोड्या वेळानं एक हात आपोआप खाली येई. पहिल्यांदा आम्ही हसून हसून पडलो होतो. बहुतेक वेळा निकाल एकच: “हलकं आहे.” निखिल वैतागायचा. अहो काका, खेळ आहे, थोडी मजा येऊ द्या की. त्यावर काका म्हणायचे की फुकटच्या जादूत मजा दोन रविवार येते, तिसऱ्या रविवारी तू जांभया देशील. आणि खरंच, कॉलेजातले बाकीचे गट असे दोन-दोन महिन्यांत मोडले. आमचा बारा वर्षांनीही चालू होता.

कार्ड त्यांच्या हातांना पटलं की ते शर्टाच्या खिशात जाई. मग आठ दिवस काका त्या कार्डाप्रमाणे वागत. वर लिहिलेलं मिळो न मिळो, खालचं मात्र ते इमानेइतबारे भरत. आठ दिवस निभावले की कोपऱ्यात सही. सही झालेल्या कार्डावर नंतर कुणी काही खोडायचं नाही, हा एकच नियम त्यांनी कधी वाकवला नाही.

एकदा खोटं ओळखणाऱ्या अंगठीचं कार्ड होतं. समोरचा खोटं बोलला की घालणाऱ्याला कळणार, पण घालणाऱ्यालाही खोटं बोलता येणार नाही. नेमका त्याच आठवड्यात काकूंच्या भाचीचा साखरपुडा आला. कुणीतरी सहज विचारलं, जोडा कसा दिसतोय. काकांनी सांगितलं. त्यानंतर काकूंच्या माहेरचे सहा महिने फोन उचलत नव्हते. काकू हे सगळं आम्हाला पोहे वाढता वाढता सांगायच्या, आणि वर म्हणायच्या, यांना तुम्ही लोकांनी बिघडवलं. काका म्हणायचे, “फोन वाचले ना?”

अशा गमती खूप आहेत. पण सगळ्याच गमती नव्हत्या, आणि ते मला फार उशिरा लक्षात आलं. अदृश्य करणाऱ्या शालीचं कार्ड घ्या. पांघरली की कुणाला दिसणार नाही, पण काढल्यावर काही काळ कुणी ओळखणार नाही. काका आठ दिवस खांद्यावर एक करडी शाल टाकून हिंडले. सहाव्या दिवशी सोसायटीच्या वॉचमननं त्यांना गेटवर अडवून विचारलं, कुणाकडे जायचंय. हा वॉचमन नऊ वर्षं त्यांना रोज नमस्कार घालत होता. काकांनी रविवारी हे खुशीत सांगितलं, “किंमत बरोबर बसली.” आम्ही टाळ्या दिल्या. मी कप ठेवायला आत गेले तर काकू बेसिनपाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, “मेधा, मी परवा दार उघडलं ना, तर मलाही क्षणभर कळेना, हे कोण.” हसल्या, आणि धुतलेलाच कप परत धुवायला लागल्या.

मग तो कंदील. लपलेली दारं दाखवणारा, पण जिथे ठेवाल तिथे तुमची सावली मागे राहणार. त्या आठवड्यानंतर त्यांच्या फ्रिजशेजारच्या भिंतीवर एक डाग उठला. खुर्चीवर बसलेल्या माणसाएवढा. निखिल म्हणाला, ओल आलीय, वरच्या मजल्यावरचा पाइप गळत असेल. रंग दिला. डाग महिन्याभरात परत वर आला, आणि या वेळी मान किंचित वळलेली वाटत होती. काकांनी त्यावर दिनदर्शिका टांगली आणि विषय संपवला. मी मात्र त्यानंतर कधी फ्रिजकडे पाठ करून बसले नाही. आता सांगायला लाज वाटत नाही, मला त्या घरात भीती वाटायला लागली होती आणि तरीही रविवार कधी येतो असं व्हायचं.

घंटीचं कार्ड माझं होतं. गोष्टीतला आमचा एक साथीदार मेला होता, म्हणजे तो खेळणारा मित्र नोकरीसाठी जर्मनीला गेला होता, आणि त्यानं एक किल्ली कुठे लपवलीय ते त्याच्याबरोबरच गेलं. ती विचारता यावी म्हणून मी घंटी काढली. वर लिहिलं: वाजवली की गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येईल, घंटीचा नाद टिकेल तेवढा वेळ. खाली लिहिलं: त्या बदल्यात वाजवणाऱ्यानं एका जिवंत माणसाचं नाव घ्यायचं, आणि त्या माणसाचा आवाज त्याला आठ दिवस ऐकू येणार नाही.

काकांनी हात धरले. हात बराच वेळ हलले नाहीत, मग डावा जरासा झुकला. म्हणाले, “चांगलं आहे. थोडंसं हलकं आहे, पण चालेल.” आणि चहाचं बघायला आत गेले.

चालेल! बारा वर्षं मी त्यांच्याकडून हेच शिकत होते आणि मला म्हणे चालेल. निखिलला चालेल म्हटलं असतं तर त्यानं लाडू वाटले असते. माझं डोकं फिरलं. मी पेन घेतलं, ‘आठ दिवस’ खोडलं आणि वर लिहिलं ‘कधीच’. त्याला कधीच ऐकू येणार नाही. काका चहा घेऊन आले, त्यांनी कार्ड उचललं, ती खाडाखोड बघितली, माझ्याकडे बघितलं. पुन्हा तळहात धरायचीही गरज त्यांना वाटली नाही. “आता बरोबर,” म्हणाले, आणि कार्ड खिशात टाकलं. त्या दोन शब्दांनी मी इतकी खूश झाले की घरी जाताना रिक्षावाल्याला सुट्टे पैसे परत मागायचे विसरले.

आठ दिवस वापरून बघायच्या कार्डावर मी ‘कधीच’ लिहिलंय, आणि काका कार्डात असेल तेच करतात, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी याचं काही झालं नसतं. आमच्याकडे झालं.

पुढच्या रविवारी मी चपला काढता काढता म्हटलं, काका, आज बाहेर काय ट्रॅफिक आहे. काका निखिलशी बोलत होते, बोलतच राहिले. मी खुर्चीवर बसले, परत काहीतरी म्हटलं. काकांनी माझ्यापुढे बशी सरकवली, प्रेमानं बघितलं आणि निखिलला विचारलं, “मेधा काही बोलतेय का? ओठ हलताना दिसतायत.” आम्ही दोघं जोरात हसलो. परीक्षा चालू होती तर! मी खोटंखोटं रुसले, माझंच नाव सापडलं का म्हणून. निखिलनं ते त्यांना ऐकवलं. काका हसले नाहीत. त्यांनी टेबलावरची एक लहानशी पितळी घंटी उचलली, जुन्या बाजारातून आणलेली, बकरीच्या गळ्यातली असावी, आणि रुमालात गुंडाळून आत ठेवून दिली.

आठ दिवस झाले. पंधरा झाले. एक महिना झाला. मी फोन केला की काका ‘हॅलो, हॅलो’ करत आणि काकूंना म्हणत, कुणी बोलतच नाही. निखिलनं एक युक्ती केली. मोबाइलवर आधी त्याचा आवाज, मग माझा, मग परत त्याचा असं रेकॉर्ड केलं आणि कुणाचं काय आहे ते न सांगता काकांना ऐकवलं. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, मधे रिकामं राहिलंय बघ. आम्ही परत ऐकलं. मधे मी चांगलं अर्धं मिनिट त्यांच्या नावानं बडबडत होते. निखिलचा चेहरा उतरला, त्या दिवसापासून त्यानं या विषयावर विनोद केला नाही.

तरी मी मनाशी म्हणत होते, म्हातारा हट्टी आहे, नाटक शेवटपर्यंत नेणार. मग ती स्कूटर आली. आळंदी रस्त्यावर भाजी घेऊन ते पलीकडून येत होते, मी अलीकडे उभी होते, आणि उलट्या दिशेनं एक स्कूटर सुसाट आली. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, काका! रस्त्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली, भाजीवाली उभी राहिली. एकटे काका पिशवी सांभाळत तसेच पुढे येत राहिले. स्कूटरनं त्यांना घासून पाडलं. कोपर फुटलं, बाकी काही नाही. मी त्यांना उचलत होते तेव्हा ते मला म्हणाले, “अगं, हाक तरी मारायचीस.”

कानाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. कान ठणठणीत, वयाच्या मानानं उत्तम.

त्या संध्याकाळी मी कागदावर लिहून त्यांना विचारलं, कुणाला बोलावलंत? काकूही समोर बसल्या होत्या. काकांनी कोपराच्या पट्टीशी चाळा करता करता सांगितलं. ते एकवीस वर्षांचे असताना वडील मार्केट यार्डात काट्यापाशीच कोसळले. कांद्याचा लिलाव ऐन भरात होता. काकांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, वडील काहीतरी म्हणाले, काकांनी कान तोंडापाशी नेला, पण त्या गलक्यात एक अक्षर कळलं नाही. लोकांना गप्प करेपर्यंत वडील गेले होते. काय म्हणाले असतील, हे काका चाळीस वर्षं स्वतःला विचारत होते. आईला सांभाळ म्हणाले असतील, शिक म्हणाले असतील, की माझ्यावर रागावले असतील.

बुधवारी दुपारी काकू भिशीला गेल्या असताना काकांनी खिडक्या लावल्या, नाव घेतलं आणि घंटी वाजवली. नाद जेमतेम सात-आठ सेकंद टिकला. तेवढ्यात ते ऐकू आलं, अगदी कानाशी. मी कागदावर नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. काका म्हणाले, “काट्यावरचं पोतं उतरव, काटा बिघडेल. एवढंच म्हणाले होते.” असं म्हणून ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. काकू हळूच म्हणाल्या की त्या बुधवारी भिशीहून आल्या तेव्हा घरभर कांद्याच्या पोत्यांचा वास होता. दोन दिवस पंखे लावून ठेवले तरी गेला नाही. घरात तर पावशेर कांदा होता.

मला राग आला, स्पष्टच सांगते. एका पोत्याच्या निरोपासाठी माझा आवाज? मी लिहिलं, माझंच नाव का. काकू म्हणाल्या, हो ना, माझं घ्यायचं होतंत. काका म्हणाले, “तुझं घेतलं असतं तर ती किंमत नसती, बक्षीस झालं असतं.” काकूंनी त्यांच्या धड असलेल्या हातावर चापट मारली. मग काका माझ्याकडे वळले. तळहात धरून सगळी नावं मनातल्या मनात घेऊन बघितली, म्हणाले. भावाचं घेतलं, निखिलचं घेतलं, हिचंही घेतलं, पण हिचं मला तोंडाबाहेर काढवेना. बाकी कुणाच्या नावानं हात खाली येईना. “तुझ्या नावानं आला. रविवारी जिन्यात तुझी बडबड ऐकू आली की मी आधण ठेवायचो, ती मला नको होईल असं कुठलंच कारण नव्हतं. म्हणून किंमत पुरती भरली.”

मी टेबलावरचं घंटीचं कार्ड पुढे ओढलं, कोपऱ्यात त्यांची सही झालेली होती, आणि खुणेनं विचारलं, ‘कधीच’ खोडते, परत आठ दिवस लिहिते. काकांनी कार्डावर हात ठेवला. म्हणाले, खालचं खोडलंस की वरचंही जातं. माल घरी पोचल्यावर माप कमी करा म्हणायचं नाही. खोडलंस तर बाबांचं ते वाक्य माझ्याकडे राहणार नाही, परत तो लिलावाचा गलका राहील. तू म्हणशील वाक्यात काय आहे. पण चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा झोपतोय गं.

यापुढे काय बोलणार? आणि बोलून तरी कुणाला ऐकू जाणार होतं! मी रविवारी चिठ्ठ्या लिहायला लागले. काकांना त्या आवडायच्या, म्हणायचे, लिहितेस तेव्हा मुद्द्याचं बोलतेस. निखिल माझा दुभाष्या झाला. डाव चालू राहिला, राक्षस मेले, ती किल्लीसुद्धा सापडली. पण दोन वर्षांत एक रविवार असा गेला नाही की दारातून आत शिरताना मी मनात म्हटलं नसेल, आज एकदा. माझ्या आवाजात ‘काका’ एकदा त्यांना ऐकू जाऊ दे, मग परत बंद झालं तरी चालेल. मीच लिहिलं होतं ना ते. त्यांच्या ‘चालेल’ला चिडून मी माझ्याच हातानं लिहिलं होतं.

काका गेले त्याला आता दीड वर्ष झालं. रविवारचा डाव मी चालवते, माझ्या घरी. नवी मुलं येतात, आयटीतली, फार हुशार, आणि दुसऱ्याच दिवशी मेसेज करतात की तुमच्याकडच्या जादूच्या किमती फार जड आहेत, थोडं बॅलन्स करा. मी कार्डं घरी ठेवून घेते. आठ दिवस झाल्याशिवाय देत नाही, आणि कार्डावर ‘कधीच’ हा शब्द लिहू देत नाही. घंटी काकूंनी मला दिली. ती कपाटात वरच्या खणात आहे, रुमालात. काकांना काय विचारायचं याची यादी माझ्याकडे मोठी आहे. एकदा दुपारी मी घंटी हातात घेऊन बसले होते. कुणाचं नाव घ्यावं लागेल हे मला विचार न करता कळलं, कारण ती तेव्हा पलीकडच्या खोलीत पाढे म्हणत होती, माझी आठ वर्षांची मुलगी. मी घंटी गुंडाळली, दोनदा गाठ मारली, आणि जाऊन तिला सतराचा पाढा तीनदा म्हणायला लावला. बिचारीला वाटलं, चुकतंय.

पण काकांची शेवटची दुपार सांगायला हवी. येरवड्याच्या पुढे एका हॉस्पिटलात त्यांना ठेवलं होतं, छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी काकूंना जे सांगायचं ते सांगितलं होतं. मी गेले तेव्हा काकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच. काकांचा चष्मा टेबलावर, डोळे मिटलेले, म्हणजे चिठ्ठी लिहूनही उपयोग नव्हता. माझ्या पर्समध्ये ते कार्ड होतं. आदल्या दिवशी मी काकूंना काहीतरी थाप मारून ते मागून घेतलं होतं, पेन होतंच. एक रेघ मारायची होती फक्त. सही झालेलं कार्ड खोडायचं नाही वगैरे ठीक आहे, पण ते आता उठून बघणार थोडेच होते. मी कार्ड मांडीवर ठेवलं आणि पेनाचं टोपण काढलं.

“कोणी आहे का?” काका म्हणाले. डोळे तसेच मिटलेले.

मी म्हटलं, मी आहे, काका. मेधा.

“कोणी आहे का?” त्यांनी परत विचारलं. आणि थोडं थांबून स्वतःशीच म्हणाले, “नाही कोणी.”

पेन कागदाला टेकलं होतं, शाईचा ठिपका उमटलासुद्धा. तेवढ्यात काका पुटपुटायला लागले. मी वाकून ऐकलं. काट्यावरचं पोतं उतरव, काटा बिघडेल. एकदा, दोनदा, तीनदा, लहान मूल झोपताना पुटपुटतं तसं. त्यांच्या कपाळावर एक आठी नव्हती. खोलीत औषधांचा वास होता, त्यात मधेच कुठून तरी तागाच्या पोत्यांचा वास आला, आणि मला भीतीसुद्धा वाटली नाही. मी पेनाला टोपण लावलं. त्यांच्याकडे जे होतं ते मी कशाच्या तोंडानं काढून घेणार होते?

मग मी त्यांचा हात घेतला आणि तळव्यावर बोटानं माझं नाव लिहिलं. पहिल्यांदा त्यांना कळलं नाही. दुसऱ्यांदा सावकाश लिहिलं. काकांच्या चेहऱ्यावर ओळख पसरली. म्हणाले, अरे, तू होय, कधी आलीस, मग बोल की. मी तळव्यावर लिहिलं, ऐकू येणार नाही. ते म्हणाले, “मला नाही येणार. म्हणून तू कशाला गप्प बसतेस?”

त्यांचा हात हातात धरून मी बोलायला लागले. ‘कधीच’ मी का लिहिलं ते सांगितलं, चालेल म्हणालात म्हणून चिडले होते ते सांगितलं. आज खोडायला आले होते तेही सांगितलं. स्कूटरच्या वेळी मी हाक मारली होती हो, काका, अख्ख्या रस्त्यानं ऐकली होती, हे सांगितलं. निखिलचं लग्न ठरतंय, नव्या डावात कुणी काय माल मागितलाय, माझी मुलगी फासे कसे फेकते, दोन वर्षांचं जे जे चिठ्ठीत मावलं नव्हतं ते सगळं. डोळे मिटून काका पडून होते. कसलाही बदल नाही, मॉनिटरची रेघसुद्धा तशीच चालली होती. खिडकीबाहेर ऊन उतरलं. माझा घसा सुकला आणि मी पाणी प्यायला थांबले. आवाज न करता, हातही न सोडता, नुसती थांबले.

काकांनी डोळे न उघडता मान माझ्याकडे वळवली.

“थांबलीस का गं?”

मी ग्लास खाली ठेवला आणि परत बोलायला लागले.